आमची वाटचाल : हिशेब दुसऱ्या प्रयोगाचा

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला पैसा कसाही उभा राहतो. गाडी अडते ती दुसऱ्या प्रयोगाला. स्पर्धेपुरतं नाटक बसवायचं आणि मग नेपथ्य धूळ खात ठेवायचं, यात हौशी संस्थेची सगळी पुंजी एका संध्याकाळी संपते. म्हणून आमच्या नागपूरच्या नाट्यसंस्थेत फ्लॅटच्या, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेल्या नेपथ्याच्या भिंतीच्या, मापापासून देणगीच्या पावतीपर्यंत सगळं दुसरा-तिसरा प्रयोग डोळ्यांपुढे ठेवून ठरतं.

संहिता एप्रिलमध्ये पक्की होते. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, ही कामं पावसाळ्यातच उरकायची. मे महिन्यात तालीम सकाळी ६.३० ते ९. दुपारी ४५ अंशांत कुलरशिवाय बसवत नाही, आणि कुलरच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय नटांना लागली की ती हिवाळ्यातही सुटत नाही. हळवा प्रसंगही भांडणासारखा ऐकू येतो. दुपारी नुसतं वाचन करावं, ब्लॉकिंग (नटांच्या जागा आणि हालचाली बसवणं) नको.

नेपथ्य एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मावलंच पाहिजे. लकडगंजातून २ × १ इंची पट्ट्या, गांधीबागेतून मांजरपाट आणि ८ × ४ फुटांचे नऊ फ्लॅट : मागे पाच, बाजूंना दोन-दोन. गाडीचा हौदा साधारण ७ फुटांचा असतो. मागचा फाळका पाडला की फ्लॅट फूटभर बाहेर राहतो, दोराने आवळला की चालतो. १० फुटी केला तर मोठा टेम्पो आला, भाडं वाढलं.

कापड चौकटीवर बेताचंच ताणायचं. पातळ केलेला फेव्हिकॉल आणि खडूची पूड यांचा हात दिला की ते वाळताना आपोआप आवळतं. आधीच तंग ठोकलं तर चौकट पिळते आणि फ्लॅट जमिनीवर सरळ उभा राहत नाही. हा हात ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात द्यावा. श्रावणात दिला तर वाळत नाही आणि मागून बुरशी धरते. कोपऱ्यांना त्रिकोणी प्लाय, मागे टेकू, टेकूवर वाळूची पिशवी. दोन फ्लॅटमध्ये खिळे ठोकायचे नाहीत. खीळ काढता येईल अशा तीन बिजागऱ्या लावायच्या. चार जण तासाभरात सगळं उभं करतात.

दिव्यांचं गणित आधी करावं. १००० वॉटचे १२ दिवे म्हणजे साधारण ५२ अँपिअर. ते एकाच फेजवर टाकले की ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो, आणि तो तालमीत नाही, ऐन प्रयोगात सगळे दिवे एकदम चढतात तेव्हा पडतो. तीन फेजवर चार-चार वाटावेत.

आता पैसा. इतवारीतला व्यापारी दसरा ते धनत्रयोदशी मान वर करत नाही. स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी त्याच्याकडे पोळ्याच्या, मारबतीच्या दिवसांत जायचं आणि पैसे छपाईआधी घ्यायचे. अंक हातात पडल्यावर वसुलीच्या खेपा सुरू होतात. ‘संस्थेला मदत करा’ असं मोघम मागू नये. ‘दोन नऊवारी आणि एक अंगरखा’ असं नेमकं मागितलं की माणूस पटकन हो म्हणतो. संस्थेला आयकर खात्याची देणग्यांसाठीची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तरच देणगीदाराला, तीही जुन्या करप्रणालीत, करसवलत मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून धनादेश किंवा यूपीआयच घ्यावं.

तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाला जीएसटी नाही. समजा, सभागृह, दिवे, ध्वनी आणि गाडी मिळून प्रयोगाला ४५,००० लागणार आणि तिकीट १५०चं आहे. मग ३०० तिकिटं खपलीच पाहिजेत, आणि इथेच फुकट पास घात करतात. पास मिळालेला पाऊस आला की येत नाही, पाहुणे आले की येत नाही. ज्याने १५० मोजले तो येतो, आवडलं तर पुढच्या प्रयोगाला शेजाऱ्यालाही आणतो. कलाकारांच्या घरच्यांनीही तिकीट काढावं, असं आमचं ठाम मत आहे.

पडदा पडल्यावर शेवटचं काम बिजागऱ्यांच्या खिळा मोजायचं. नऊ फ्लॅटचे आठ जोड, म्हणजे २४ खिळा डब्यात. एक जरी कमी भरली तरी रात्रीच रंगमंच झाडून शोधायची. तिच्या जागी तार बांधून वर्ध्याला किंवा भंडाऱ्याला गेलं, तर पहिल्याच प्रवेशात दार आपटतं आणि अख्खी भिंत हलते.