सोर्स ठीक निघाला, गॉगलचं काय करू?

विट्याकडच्या एका गलाईवाल्या ओळखीतून २० वॅटचा सेकंडहँड पल्स्ड फायबर लेझर सांगलीला घरी आणला. सराफी दुकानात अंगठ्यांवर मार्किंगला वापरलेला, मालकानं नवीन मोठं मशीन घेतलं म्हणून हा निघाला. नुसता सोर्स म्हणजे लेझर तयार करणारा डबा, गॅल्व्हो (किरण फिरवणारे आरसे) नाही, कंट्रोल कार्ड नाही, सोबत एक हिरवा गॉगल फुकट. चालू होता याचा पुरावा म्हणून मालकानं काय दाखवलं तर नाव कोरलेलं काळं व्हिजिटिंग कार्ड. त्या कार्डावरचा रंग मरायला टेकलेला सोर्सपण उडवतो, पण सेकंडहँड बाजारात सगळे त्यावरच भुलतात.

सोन्यावर राबलेला सोर्स म्हटलं की मला धास्तीच. या लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, आणि त्याला सोनं म्हणजे आरसा, प्रकाश उलटा फायबरमध्ये शिरला की आतला माल हळूहळू खलास होतो. म्हणून वॅट मोजल्याशिवाय पुढं जायचं नव्हतं, आणि पॉवर मीटर काय मला परवडत नाही.

मग अॅल्युमिनियमचा गोल तुकडा घेतला, मधे खोल भोक मारलं आणि आतून दिव्याची काजळी धरली. (काळं अॅनोडाइझ केलेलं घेऊ नका, डोळ्याला काळं दिसतं पण इन्फ्रारेड बरंच परत फेकतं.) तुकड्याला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावला आणि एक रेझिस्टर आवळला. आधी रेझिस्टरला मोजून २० वॅट देऊन मिनिटात तापमान किती चढतं ते लिहून ठेवलं, मग तुकडा थंड करून तेवढाच वेळ लेझर भोकात सोडला. दोन आकड्यांची तुलना केली की झालं. सोर्सला २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), २५ पिनच्या कनेक्टरला सिग्नल द्यायला आर्डुइनो बोर्ड, आधी एमओ (आतला मूळ लेझर) ऑन, जरा थांबून मग एपी (त्याची ताकद वाढवणारा भाग). शेडच्या खिडकीला पत्रा, दाराला लिमिट स्विच, दार उघडलं की बीम बंद. आकडा आला १७ वॅटच्या आसपास, वापरलेल्या मालाला झकास!

एवढ्यावर थांबलो असतो, पण तो हिरवा गॉगल टेबलावर पडलेला. त्यावर कुठंच १०६४ नाही, ओडी (काच किती प्रकाश अडवते तो आकडा) नाही. ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो, माझ्या गॉगलवर तसं छापलंय. सहज म्हणून पॉवर कमी केली, माझा गॉगल घालून हिरव्याची काच भोकासमोर धरून बसवली आणि तापमान बघत बसलो. काच नसताना चढत होतं जवळजवळ तेवढंच चढलं. म्हणजे तो नुसता हिरवा प्लास्टिक, जत्रेतल्या चष्म्यासारखा.

सराफी दुकानात हे मशीन चालवणाऱ्या पोराला फोन लावला. तो म्हणतो, "दादा, मी तो घालायचोच नाही, घाम येतो." म्हणजे गॉगल खोटा असून त्याला काही फरकच पडला नाही, यावर हसावं की काय करावं कळेना. अंगठीचा गोल चकचकीत भाग, प्रकाश कुठं उडेल सांगता येत नाही, आणि हा आत वाकून बघायचा. १०६४ दिसत नाही, पापणी मिटत नाही, पण सरळ डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रेटिनावर, फोकस होतो आणि तिथं दुखतपण नाही. विचारलं तर म्हणाला, उजव्या डोळ्याला बारीक अक्षरं तुटक दिसतात, मोबाईलमुळं असेल. असेलही, लेझरमुळंच झालं असं मी कोण म्हणणार. मिरजेला जाऊन रेटिना दाखव, ओसीटी (रेटिनाच्या थरांचा स्कॅन) काढून घे म्हटलं, तर दिवाळीनंतर बघतो म्हणे.

मालकालापण सांगितलं. "तुम्हाला सोर्स चालू मिळाला ना?" एवढंच बोलला. नवीन मशीनसोबत आलेल्या गॉगलचा फोटो मागवला तर तोही तसलाच हिरवा, आकडा कुठंच नाही. त्या मशीनवर आता दुसरा पोरगा बसतो. त्याच्यासाठी माझ्याकडचा जास्तीचा गॉगल घेऊन या रविवारी विट्याला जातोय, मालकानं पैसे दिले तर ठीक. घाम येतो म्हणून तो पोरगापण घालणार नाही, त्यावर काय उपाय करायचा ते मात्र अजून सुचलेलं नाही.