मधले चाळीस सेकंद

जून-जुलै २०२५ मध्ये ‘आयएनएस कवरत्ती’ या भारतीय युद्धनौकेवरून पाणबुडीविरोधी रॉकेटाच्या चाचण्या यशस्वी झाल्या. हे रॉकेट पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने विकसित केले असल्यामुळे पुणेकरांनी या बातमीकडे अंमळ अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे मला वाटते. पाण्याखालून जाणारा टॉर्पेडो स्वतःच लक्ष्य शोधत जातो त्या काळात, ठरलेल्या जागी जाऊन फुटणारे साधे रॉकेट नव्याने कशासाठी, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर या शस्त्रांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची कोंडी केली, तेव्हा १९१६ मध्ये ब्रिटिश नौदलाने डेप्थ चार्ज वापरात आणला. सुमारे १३६ किलो स्फोटक भरलेले हे पिंप नौकेच्या मागच्या बाजूने पाण्यात लोटायचे आणि ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने ते फुटायचे, इतकी साधी रचना होती. पुढे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शोध घेणारे सोनार आले आणि पाणबुडीचा ठाव लागू लागला. मात्र सोनारची ध्वनिशलाका नौकेच्या पुढे जाणारी आणि पिंपे पडणार मागे, हा पेच सुटला नाही. पाणबुडी दीडशे मीटरांच्या आत आली की तिचा प्रतिध्वनी हरवायचा. नौका तिच्या डोक्यावरून पुढे जाईपर्यंत वीसेक सेकंद आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने पिंप साठ मीटर खाली उतरेपर्यंत आणखी वीस, असे चाळीस सेकंद खालचा कप्तान वळायला मोकळा असायचा. तेवढ्यात पाणबुडी ऐंशी मीटर सरकायची, आणि तिचे कवच फुटायचे तर स्फोट सात-आठ मीटरांच्या आत व्हावा लागे. पुढची सगळी शस्त्रे या मधल्या वेळावर मात करण्यासाठीच घडली, असे मी म्हणेन.

यातला मला सर्वांत आवडणारा उपाय तर शस्त्र न बदलताच सापडला. १९४१ मध्ये सागरी गस्त घालणाऱ्या ब्रिटिश कोस्टल कमांडची विमाने डेप्थ चार्ज १०० फुटांवर फुटेल असे लावून टाकत असत, कारण विमान दिसताच पाणबुडी बुडी मारणार, हे गृहीत होते. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, १०० फूट खोल जाण्याइतका वेळ मिळालेली पाणबुडी नेमकी कोठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही, आणि जिची जागा नक्की ठाऊक असते ती अजून पृष्ठभागावर किंवा जेमतेम पाण्याखाली असते, म्हणजे स्फोट तिच्या कितीतरी खाली होतो. हा आकडा टप्प्याटप्प्याने २५ फुटांवर आणल्यावर बुडणाऱ्या पाणबुड्यांचे प्रमाण इतके वाढले की, पकडलेल्या जर्मन खलाशांना ब्रिटिशांनी स्फोटकच बदलले असावे असे वाटले.

नौकांसाठी हेजहॉग हे बॉम्बफेकी यंत्र आले. ते २४ लहान बॉम्ब सुमारे दोनशे मीटर पुढे, सोनारचा संपर्क असतानाच, वर्तुळाकार फेकत असे आणि बॉम्ब पाणबुडीला लागला तरच फुटे. त्यामुळे नेम चुकला तरी पाणी ढवळून प्रतिध्वनी हरवत नसे. ब्रिटिश नोंदींनुसार डेप्थ चार्जच्या साठेक हल्ल्यांमागे एक पाणबुडी बुडाली, तर हेजहॉगच्या सहाएक हल्ल्यांमागे एक. १९४४ मध्ये स्क्विड या तशाच यंत्राने पुढची पायरी गाठली: त्याच्या बॉम्बमधला वेळेचा फ्यूज, म्हणजे ठरल्या वेळी स्फोट घडवणारा भाग, सोनारने मोजलेल्या खोलीनुसार आपोआप लावला जाई.

स्क्विडचाच वारसदार असलेले लिंबो आपल्या ‘आयएनएस खुकरी’ या युद्धनौकेवर होते, पण ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात त्याचा उपयोग झाला नाही, कारण ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीला खुकरी आधी सापडली आणि तिने टॉर्पेडोने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली, आणि पुढे कसून शोध घेऊनही हंगोर निसटली. पाणबुडीचा टॉर्पेडो काही किलोमीटर जात असताना लिंबोसारखी नऊशे मीटर पल्ल्याची तोफ घेऊन तिच्यामागे जाणे किती विषम होते, हे या घटनेवरून कळते.

पल्ला वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक टॉर्पेडोचा, जो हेलिकॉप्टरमधून किंवा क्षेपणास्त्रावरून दूर नेऊन टाकता येतो. मात्र उथळ पाण्यात तळाचे आणि पृष्ठभागाचे प्रतिध्वनी मिसळून टॉर्पेडोची दिशाभूल होते, आणि मुंबईसमोर तर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे. रॉकेटाला काही ऐकायचेच नसल्यामुळे ही अडचण येत नाही, शिवाय ते कितीतरी स्वस्त पडते. आपल्या नौकांवरचे रशियन बनावटीचे आरबीयू-६००० हे रॉकेट-प्रक्षेपक म्हणूनच टिकून आहे: बारा नळ्या, २१३ मिलिमीटर व्यास आणि सुमारे सहा किलोमीटर पल्ला.

एआरडीईने एचईएमआरएल आणि विशाखापट्टणमची एनएसटीएल या डीआरडीओच्याच प्रयोगशाळांच्या साथीने केलेल्या रॉकेटात जवळचे आणि लांबचे असे दोन्ही पल्ले साधण्यासाठी दुहेरी मोटर आहे, आणि स्क्विडच्या घड्याळी फ्यूजचे काम देशी इलेक्ट्रॉनिक टाइम फ्यूज करतो. कवरत्तीवरून अशी १७ रॉकेटे वेगवेगळ्या पल्ल्यांवर डागून पाहण्यात आली. उत्पादन हैदराबाद आणि नागपूरला व्हायचे आहे. समुद्राचे वारे त्या दोन्ही शहरांना पुण्याहूनही कमी लागते.