खळं

मंगळवार, रात्री उशिरा

आज चंद्राला खळं पडलंय, भोवती प्रकाशाचं गोल कडं. दिवा मालवायला उठले तेव्हा खिडकीतून दिसलं. हात लांब करून वीत पसरली, अंगठा चंद्रावर टेकवला, तर करंगळीचं टोक बरोबर कड्यावर आलं. २२ अंश. दरवेळी एवढंच भरतं. साधारण ६ किलोमीटरच्याही वर विरविरीत ढगांचा पडदा असतो, त्यातले षटकोनी हिमकण प्रकाश वळवतात, आणि किती वळवायचा ते त्यांच्या आकारानेच ठरलेलं असतं. कड्याची आतली बाजू किंचित तांबूस होती. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

वही काढली. डाव्या रकान्यात काय दिसलं ते, उजव्यात पुढे काय झालं ते. उजवा रकाना काहीच घडलं नाही तरी भरायचा, एवढा एकच नियम मी कसोशीने पाळते. खळ्याची ही सातवी नोंद. आधीच्या सहांपैकी चार वेळा दोन दिवसांत आभाळ भरून आलं, दोनदा लख्ख ऊन पडलं. ती दोन उन्हं लिहिली नसती, तर आज छातीठोकपणे म्हटलं असतं की पाऊस येणारच.

बाबा आयसीयूत होते तेव्हाही मी खुणाच शोधत होते. बाहेरच्या बाकावरून एक झाड दिसायचं. दहा मोजेपर्यंत ते पान पडलं नाही, तर बाबा बरे होतील. पान पडलं. मग दुसरं धरलं, तेही पडलं, मग तिसरं. बाबा घरी आले. पण नऊ दिवस ज्या झाडाकडे टक लावून बसले, ते कशाचं होतं हे मला आजही सांगता येत नाही. त्याची पानं का गळत होती, हा प्रश्नसुद्धा मनात आला नाही. मी झाडाकडे बघतच नव्हते. याची रुखरुख अजून आहे, आणि वही त्यातूनच सुरू झाली.

संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षी. लॅटिनमधल्या ‘ऑस्पिशियम’चा अर्थही पक्षी निरखणं. आधी पक्षी होता, शुभ-अशुभ मागून आलं. हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

गेल्या आठवड्यात मुंग्यांची रांग भिंतीवर चढत होती, तोंडात पांढरे दाणे. मी त्यांना अंडी समजायचे. भिंग धरून पाहिलं तर बरेचसे कोष होते, आत पायांच्या घड्या दिसत होत्या! पाऊस आला नाही. तसं लिहिलं.

आता रातकिडे ऐकतेय. किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्र आमोस डॉलबेअर यांनी १८९७ मध्ये मांडलं होतं. ते प्रत्येक जातीच्या किड्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून मी फक्त माझ्याच जुन्या आकड्यांशी ताडून बघते. कालच्यापेक्षा आज लय संथ आहे, म्हणजे हवा गारठलीय. खिडकीबाहेर हात काढला, खरंच गार लागलं.

खळं आता पुसट झालंय, ढग दाटताहेत की विरताहेत ते अंधारात कळत नाही. उजवा रकाना गुरुवारी रात्री भरायचा.