तुम्ही विचारलंत म्हणून: टेकडीतल्या त्या दाराआड कोण आहे?

व्हरमाँटमधल्या आमच्या गावच्या जुन्या दफनभूमीत मी शनिवारी लोकांना फिरवते. शाळेची पोरं असोत की पुण्याहून आलेले पाहुणे, टेकडीच्या पोटात बसवलेल्या दगडी कमानीपाशी सगळे थांबतात. लोखंडी दाराला हात लावून बघतात आणि विचारतात, "इथे कोणाला पुरलंय?"

कोणालाच नाही. पुरता येत नव्हतं म्हणून तर ते बांधलं.

इकडे जानेवारीत जमीन चार-चार फूट खोल गोठते. 19व्या शतकात हाताशी कुदळ आणि पहार, एवढंच. मग हिवाळ्यात गेलेल्या माणसाची पेटी या थडग्यात फळीवर ठेवायची आणि वसंतात माती मऊ झाली की पुरायची. इंग्रजीत याला रिसीव्हिंग टूम म्हणतात. मी 'थांब्याचं थडगं' म्हणते. कोणी विकत घेतलेली जागा अजून ताब्यात आलेली नसे, कोणाचं घराण्याचं थडगं बांधून व्हायचं असे, कोणाला दूरच्या गावी न्यायचं असे, तेही इथेच थांबत.

लगेच दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात: वास येत नसे? थंडीत नाही. तिन्ही बाजूंनी माती आणि वर गवत, त्यामुळे आत गारवा टिकायचा. खरी पंचाईत उन्हाळ्याची. म्हणून बऱ्याच दफनभूम्यांनी उन्हाळ्यात पेटी किती दिवस ठेवायची याला मर्यादा घातली होती.

पण मला या सगळ्यात ओढ आहे ती व्यवस्थापकाच्या वहीची. माझे वडील कचेरीत आवक-जावक सांभाळायचे, त्यामुळे असेल. पेटी आत आली कधी, कोणाच्या सांगण्यावरून, भाडं कोण भरणार, बाहेर गेली कधी, कुठे. पेटीवर नावाची पट्टी असायची, तरी वही बिनचूक लागायची, कारण एप्रिलमध्ये एकदम गर्दी उसळे. उन्हाकडच्या उतारावरची माती आधी सुटते, सावलीतली मागाहून. म्हणजे आधी आलेला आधी जाईल असं नाही. आणि किल्ली! वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदन हिवाळ्यात चाले, प्रेतं पळवणाऱ्यांचाही तोच हंगाम. दाराचं कुलूप हीच घरच्यांना दिलेली हमी.

आवक सोपी असते हो. जावक अडते.

वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल सेमेटरीतलं सार्वजनिक थडगं बघा. 1830च्या दशकात बांधलेलं, संसदेच्या पैशाने. राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन 4 एप्रिल 1841 रोजी गेले, ते जूनपर्यंत तिथे होते; मग ओहायोला नेलं. झॅकरी टेलर तर 1850च्या जुलैत गेले आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच. वॉशिंग्टनचा उन्हाळा ज्यांनी अंगावर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तरी दोघांची जावक झाली. डॉली मॅडिसनबाईंची अडली. राष्ट्राध्यक्षाची विधवा, एकेकाळी सगळं वॉशिंग्टन जिच्या दिवाणखान्यात जमायचं ती. कर्जापायी व्हर्जिनियातली माँटपेलियरची इस्टेट तिने हयातीतच विकली होती. 1849च्या जुलैत ती गेली आणि अडीच वर्षं त्या सार्वजनिक थडग्यात राहिली. 1852 मध्ये तिथून हलवलं, तेही पलीकडच्या कॉस्टन कुटुंबाच्या थडग्यात. तिची भाची त्या घरात दिलेली होती. नवऱ्याशेजारी माँटपेलियरला पोचायला 1858 उजाडलं.

आमची आजी गेली तेव्हा अस्थींचं गाठोडं परसातल्या झाडाला टांगलं होतं, नाशिकला कोण जाणार ते ठरेपर्यंत. आई रोज संध्याकाळी तिकडे बघायची आणि बाबांना म्हणायची, "झालं का ठरून?" डॉलीबाईंच्या बाबतीत हे कोण कोणाला विचारत असेल, असं माझ्या मनात येतं.

लिंकनच्या मुलाची, विलीची गोष्ट मात्र मी पाहुण्यांना सहसा सांगत नाही, लांबते. तो 1862 मध्ये व्हाइट हाउसमध्येच गेला. त्याला जॉर्जटाउनला एका ओळखीच्या कुटुंबाच्या थडग्यात ठेवलं, वडिलांची राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपली की गावी न्यायचं म्हणून. 1865 मध्ये वडिलांच्या शवपेटीबरोबर त्याचीही रेल्वेने निघाली. 4 मे रोजी दोघं स्प्रिंगफील्डच्या ओक रिज दफनभूमीतल्या थांब्याच्या थडग्यात. डिसेंबरात तिथून टेकडीवरच्या दुसऱ्या तात्पुरत्या थडग्यात. कायमची जागा मिळायला 1871 आलं. नऊ वर्षं, तीन मुक्काम.

पुढे प्रेतं टिकवण्याचं रसायन सर्रास झालं, शीतगृहं आली, गोठलेली जमीन फोडणारी यंत्रं आली. तरी आमच्या भागात काही दफनभूम्या अजून हिवाळ्यात बंदच असतात, पेट्या वसंताची वाट बघतात.

आमच्या गावच्या थडग्यात मात्र आता गवत कापायचं यंत्र आणि मिठाची पोती असतात. दार उघडून दाखवते मी, मागितलं तर. किल्ली फिरवताना खांदा लावावा लागतो.