खुंट्यावरचा दुसरा हात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असा निरोप आला, तेव्हा संपादक मंडळाने ‘आपल्या यशाची वाटचाल’ असा विषय सुचवला होता. यश म्हणावे असे माझ्या हातून फारसे काही घडलेले नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली आणि नियत वयाला निवृत्त झालो. म्हणून ज्या दिवसांत पुढची वाट दिसतच नव्हती, त्या दिवसांविषयीच लिहितो. त्या दिवसांशी आपल्या शाळेचा संबंध अधिक जवळचा आहे.

१९७२ साली मी आठवीत होतो. आमचे गाव गंगाखेडपासून दोन कोसांवर, आणि हे अंतर रोज पायी तुडवण्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. त्या वर्षी पुन्हा पाऊस रुसला. खरीप करपले, रब्बीची पेरणी झालीच नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आजच्या मुलांना ठाऊक आहे. बहात्तरची गोष्ट निराळी होती. तेव्हा विहिरींच्या तळाशी थोडेफार पाणी होते, पण कणगीत दाणा नव्हता. वडिलांनी बैलजोडी मिळेल त्या भावाला विकली आणि कामाच्या शोधात ते निजामाबादकडे निघून गेले. त्यानंतर चार महिने त्यांचे पत्र नव्हते. ते जिवंत आहेत की नाहीत, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नसे. आई मात्र रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाल्यावर थोडा वेळ दारातच उभी राहत असे.

रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना कडा चिरत जायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन-तीन तुकडे व्हायचे. आई पहाटे तो दळायला बसे. एरवी शेजारची काकू समोर बसायची, पण तीही आता कामावर जात असल्याने आई एकटीच जाते ओढत असे. जनाबाई आमच्या गंगाखेडची, त्यामुळे तिच्या जात्याशी पांडुरंग येऊन बसला ही कथा आमच्याकडे घरातली गोष्ट सांगावी तशी सांगत. एका पहाटे अर्धपोटी, चिडलेल्या मनाने मी आईला विचारले, “देवच आला होता, तर जनीचं दळण एकदाचं संपवून का नाही टाकलं त्यानं?” आईने जाते थांबवले नाही. ती म्हणाली, “संपवाया नाही आला तो, लेकरा. संगं बसाया आला.”

ज्यांनी जाते ओढलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. जात्याला खुंटा एकच असतो. दोघी समोरासमोर बसल्या की तोच खुंटा दोघी धरतात. एकीने अर्धा फेरा ओढून आणला की पुढचा अर्धा दुसरीकडे जातो. जात्याचा वरचा दगड तितकाच जड राहतो आणि दळणही तितकेच असते, पण श्वास उरतो, आणि श्वास उरला की ओवी येते.

दिवाळीनंतर मी शाळा सोडली आणि आईबरोबर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडू लागलो. त्या कामांवर किती माणसे होती याची कल्पना पुढे खात्यात आल्यावर आली. मे १९७३ मध्ये राज्यभरात हा आकडा जवळपास ५० लाखांपर्यंत गेला होता. बोटांना सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दगड धरायचा आणि हातोडी मारायची. दुपारी खायला सुकडी मिळे. आठवड्याच्या शेवटी लाकडी चौकटीने ढीग मोजला जाई आणि त्यावर पगार ठरे.

एका रविवारी आमचे गणिताचे सर सायकलवरून तिथे आले. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी सायकल बाभळीला टेकवली, धोतराचा सोगा खोचला आणि आईला म्हणाले, “माय, दुसरी हातोडी आहे का?” आई संकोचून उठू लागली, तसे ते खालीच बसले. संध्याकाळपर्यंत ते खडी फोडत होते आणि फोडता फोडता, जणू वर्गातच आहोत अशा सहजतेने, मला समीकरणे तोंडी घालत होते. मधल्या वेळात त्यांच्या तळहाताला फोड आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून ट्यूबची पट्टी मागून घेतली. निघताना एवढेच म्हणाले की, रोज रात्री माझ्या खोलीवर येत जा, कंदील माझा, रॉकेलही माझेच. त्या कंदिलाच्या उजेडात माझे वर्ष वाचले. वडील पुढच्या पावसाळ्यात परत आले.

ही देवाची कृपा, असे आई म्हणे. मी अभियंता झाल्यावर काही वर्षे तिच्याशी वाद घालत असे, की कृपा सरांची होती, देवाचा काय संबंध. आमच्याच शेजारच्या ढिगावर माझ्या वयाचा, गणितात माझ्याहून तरबेज असा एक मुलगा होता. त्याच्या ढिगाशी कोणी येऊन बसले नाही, आणि तो पुन्हा शाळेतही आला नाही. त्याचे काय, असे मी आईला विचारले होते. ती गप्प राहिली. तिने त्यावर काहीतरी गोड उत्तर दिले असते, तर माझी श्रद्धा बहुधा कायमचीच गेली असती.

पुढे पत्नीच्या कर्करोगाच्या उपचारासाठी आम्ही बार्शीला जवळपास पाच महिने होतो. त्या काळात मी नवस केले, पारायणे केली, आणि तपासणीचा कागद हाती येईपर्यंतच्या रात्री मोजल्या. एका संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर मी पीठ मळत होतो आणि ते जमत नव्हते. भूमकडची एक म्हातारी बाई, तिचा मुलगा आत दाखल होता, माझ्याजवळ आली, माझ्या हातातली परात तिने न बोलता ओढून घेतली आणि माझ्यासमोर बसून चार भाकरी थापल्या. तिच्याही डोळ्यांना धार लागलेली होती. परातीच्या पलीकडे बसलेल्या त्या बाईकडे पाहताना मला आईचे पहाटेचे वाक्य आठवले. पत्नी वाचली नाही. त्या बाईच्या मुलाचे काय झाले, ते मला कधीच कळले नाही. माझे नवस मात्र त्या संध्याकाळनंतर थांबले. मागणे थांबले आणि देवापाशी नुसते बसणे जमू लागले.

सरांविषयी एक सांगायचे राहिले. त्या आठवड्यात ढीग मोठा भरल्यामुळे आईला पाऊण रुपया जास्त मिळाला. हे पैसे आपल्या घामाचे नाहीत, असे म्हणून तिने ते माझ्याबरोबर सरांकडे पाठवले. सरांनी ते घेतले नाहीत. तेव्हा त्या तीन पावल्या तिने देव्हाऱ्यात ठेवल्या. घरात मिलोसुद्धा नसायचा असे दिवस त्यानंतरही आले, पण त्यांना तिने हात लावला नाही, आणि ती असेपर्यंत दर दिवाळीला देवांच्या टाकांबरोबर त्याही चिंचेने घासल्या जात असत.