ॲव्हरेज किती देते?

रविवार, रात्री उशिरा

आम्ही कॉलेजात बनवलेली रेसची गाडी बघायला आलेला माणूस पहिलं काय विचारणार हे आता पाठ झालंय. "किती पळते?" मी खरं सांगते आणि समोरच्याचं तोंड उतरतं. आमच्या स्पर्धेचा ट्रॅक मुद्दामच असा वळणावळणाचा आखतात की वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास अडावा, सरासरी तर पन्नास-पंचावन्नच. "एवढी तर माझी बुलेट पळते," एक शेठ म्हणाले होते. त्यांचं चूक काहीच नव्हतं, पण स्पॉन्सरशिप तिथेच बुडाली.

फॉर्म्युला स्टुडंट म्हटलं की लोकांना टीव्हीवरची फॉर्म्युला वन दिसते. एक सीट आणि उघडी चाकं, साम्य तेवढंच. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडीचं डिझाइन काढायचं, ती बनवायची आणि चालवायची, असा हा प्रकार १९८०-८१ च्या सुमारास टेक्सासच्या विद्यापीठात सुरू झाला. आपल्याकडे जानेवारीत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते, आम्ही तिकडेच निघालोय. हजार गुण असतात. त्यातले ३२५ गाडीचं चाक फिरायच्या आधीच वाटले जातात: डिझाइन समजावून सांगायचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १००, बिझनेस प्लॅनचे ७५. सरळ रेषेत सुसाट सुटायचं ते फक्त ७५ मीटर, आणि त्याला गुणही ७५. हे शेठला सांगायला गेलं तर ते घड्याळ बघतात.

आज कॉलेजमागच्या रस्त्यावर गाडी पहिल्यांदा स्वतःच्या पायावर धावली. आप्पा आले होते, नातवाच्या स्प्लेंडरवर मागे बसून. आप्पा म्हणजे जळगावच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे मिस्तरी, मूळचे अमळनेरकडचे. फ्रेमचं काम पावसाळ्यात त्यांच्याच शेडमध्ये चाललं होतं. एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीच्या अंगाला टेकवायची तर तिचं टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. आम्ही कॉम्प्युटरवरून कापाचा आकार कागदावर काढला, कागद नळीभोवती गुंडाळला, मार्करने रेघ मारली, ग्राइंडर फिरवला, तरी जोडाला फट राहायचीच. आप्पांनी कागद बाजूला सारला. "कागद कसाले जोयजे? डोयाले दखास ना." म्हणजे, डोळ्याला दिसतंय ना. एक डोळा मिटून नळी जागेवर धरली, खडूने दोन खुणा केल्या, टोक फिरवत फिरवत घासलं, फुंकर मारली, बसवून पाहिलं, काढलं, परत केसभर घासलं. मग मला नळीच्या दुसऱ्या तोंडातून मोबाईलचा टॉर्च मारायला लावला. जोडातून उजेडाची रेघसुद्धा बाहेर आली नाही. वेल्डिंग मात्र त्यांनी आपणहून नाकारलं. एवढ्या पातळ नळीला टिग, म्हणजे नाजूक कामाचं वेल्डिंग लागतं, ट्रॉलीवाला हात तिला जाळून टाकेल, असं म्हणाले. टिगवाला भुसावळहून आणला.

तर आज आप्पा गाडी चार फेऱ्या मारताना बघत उभे राहिले, आणि एवढंच विचारलं, "हाई कितला ॲव्हरेज देस, माय?"

पोरं खो-खो हसली. मला हसू आलं नाही, कारण इतक्या महिन्यांत कामाचा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. पेट्रोल किती कमी प्यायली याचे शंभर गुण आहेत, म्हणजे सुसाट सुटण्यापेक्षा जास्त! नियमांचं पुस्तक आमच्या सगळ्यांकडे आहे, पण इंजिनवाल्या गटाला ते पान सापडत नाही. त्यांना मॅप, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, रिच ठेवायचाय, म्हणजे पेट्रोल जास्त, कारण पॉवर पाहिजे. तसंही नियमाने इंजिनच्या घशाला २० मिलिमीटरचं भोक बसवावंच लागतं. सगळी हवा त्यातूनच. तिथे हवेने आवाजाचा वेग गाठला की मागून इंजिनाने कितीही ओढलं तरी एक कणही जास्त आत येत नाही. ६०० सीसीच्या चार सिलिंडरवाल्यांना हे फार झोंबतं, आमच्या केटीएमच्या ३७३ सीसीला त्या मानाने कमी. मग हवाच मोजून मिळणार असेल तर पेट्रोल सढळ हाताने कशाला ओतायचं? यावरून संध्याकाळी चांगलीच जुंपली. शेवटी दोन मॅप ठेवायचं ठरलं. हा तोडगा मला पटलेला नाही, कारण ट्रॅकवर कुठला लावायचा यावर पुन्हा भांडण होणारच आहे.

खरी परीक्षा एंड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीची, एकटीला ३२५ गुण. अंतर साधारण २२ किलोमीटर, म्हणजे जळगावहून निघालात तर भुसावळसुद्धा येत नाही. पण मध्येच इंजिन बंद करून ड्रायव्हर बदलायचा असतो, आणि तापलेलं इंजिन परत सुरू व्हावं लागतं. नाही झालं तर तिथेच संपलं. त्यात रेडिएटरमध्ये कूलंट चालत नाही, फक्त साधं पाणी. कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो म्हणून. इंजिन थांबलं की पाण्याचा पंपही थांबतो आणि सगळी उष्णता आतल्या आत साचते. आज मुद्दाम तसंच करून पाहिलं. बंद केली, ड्रायव्हर बदलला, बटण दाबलं. स्टार्टर नुसताच फिरत राहिला, कोणी काही बोलेना, आणि मग एकदम लागली. डिसेंबर आहे म्हणून निभावलं. इथल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हा प्रयोग कोणी करू नये.

माझ्या वाट्याला ब्रेक आहेत. ते कोणालाच नको होते म्हणून माझ्याकडे आले, आणि आता मी ते कोणाला देणार नाही. स्पर्धेत ब्रेकची चाचणी साधी आणि निर्दय असते: पळत्या गाडीचा ब्रेक दाबला की चारही चाकं जाम झाली पाहिजेत. तीन झाली तर ट्रॅकवर पाऊल नाही. आज पुढची दोन जाम व्हायची आणि मागची घरंगळत राहायची. बॅलन्स बार, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा, अर्धा आटा मागच्या बाजूला दिला की रस्त्यावर जाऊन वाकून काळे पट्टे बघायचे, परत अर्धा आटा. अंधार पडेपर्यंत चार पट्टे उमटले, पण मागचा डावा फिकटच आहे. त्या ब्रेकच्या लाइनमध्ये हवा राहिली असणार, उद्या परत ब्लीडिंग, म्हणजे ती हवा काढणं. ते रात्री उरकलं असतं, पण होस्टेलचं गेट. मुलांच्या होस्टेलला गेट नाही का, हा प्रश्न मी आता विचारत नाही, थेट अर्ज लिहिते.

पप्पांचा फोन आला होता. ट्रकचं बघतायत. आमच्या फैजपूरकडे ट्रकवाल्यांना तोटा नाही, पण ते सगळे केळी भरून दिल्लीच्या वाटेला. दक्षिणेकडे जाणारा एकच सापडलाय आणि तो परतीचं भाडंही आजच मागतोय. त्याला म्हणावं, जायचे पैसे घे, परतीचं कोइमतूरला बोलू.