सही केली म्हणजे करार पक्का झाला का?

मागच्या आठवड्यात अमळनेरचा माझा मावसभाऊ मोटारसायकलसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद घेऊन आला. शंभराचा स्टॅम्प, शेवटच्या पानावर त्याची सही आणि व्याजाच्या ओळीत ‘दरसाल दरशेकडा’ या छापील शब्दांपुढे कोरी रेघ. तोंडी ठरलेले व्याज महिन्याला तीन टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस. “सही ते मीच करेल शे, भाऊ,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सही महत्त्वाची असतेच, पण 1872 चा भारतीय करार कायदा तेवढ्यावर थांबत नाही. दोन्ही पक्ष करारास पात्र आहेत का, संमती मोकळेपणाने दिलेली आहे का आणि कराराचा हेतू कायदेशीर आहे का, हेही तो पाहतो. मी मात्र आधी पैसे देणारा कोण, हे पाहिले. कागदावर रबरी शिक्क्यात नुसते ‘फायनान्स’ होते, नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्त कंपनीला राज्याचा सावकारी कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु अशी नोंदणी नसताना जो व्याजाने पैसे देण्याचा धंदा करतो, त्याला महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि कर्ज देतेवेळी तो नसेल तर वसुलीच्या दाव्यात न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. अडीअडचणीला हातउसने देणारा शेजारी यात मोडत नाही. परवान्याची चौकशी जळगावला जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात करता येते.

स्टॅम्प कमी रकमेचा असेल तर कागद पुराव्यात अडतो, पण शुल्क आणि दंड भरून तो मार्गी लागतो. त्यामुळे त्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मुदतीचे मात्र त्याला बजावून सांगितले. वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो, आणि त्या काळात ‘बाकी मान्य’ असे लिहून सही दिली की मुदत नव्याने सुरू होते.

माझी खरी काळजी कर्ज घेताना भावाने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकची आहे. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला होता असे कायदा गृहीत धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालात आले आहे. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. चेकचा नंबर भावाने कुठेच लिहून ठेवलेला नाही. तो आता चेकबुकातल्या उरलेल्या पानांवरून शोधायचा आहे.